परिचारिकांचे प्रश्न : पहिली नेमणूक प्रसूती कक्षात घ्यावी की नवजात शिशू कक्षात?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयाभोवतीची आहेत. माता आणि नवजात बाळ यांच्या सेवेत जाऊ इच्छिणाऱ्या किंवा नुकत्याच गेलेल्या तरुण परिचारिकांची आणि एका परिचारकाची ही पत्रे आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर सविस्तर दिले आहे, कारण तसाच प्रश्न मराठवाड्यातील अनेक मुलींपुढे निकालानंतर उभा राहतो.

प्रश्न : मी परभणी जिल्ह्यातील एका खेड्यात राहते. यंदा बी.एस्सी. नर्सिंग पूर्ण झाले असून परिषदेकडे नोंदणीही झाली आहे. शिकत असताना माता व बाळ यांचे काम मला सर्वांत जवळचे वाटले आणि पुढेही त्यातच राहायचे आहे. माझ्यापुढे तीन जागा आहेत. पहिली छत्रपती संभाजीनगरमधील एका खासगी बालरुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता विभागात आहे; तिथे पगार बरा आहे. दुसरी आमच्याच जिल्ह्यातील एका सरकारी रुग्णालयाच्या प्रसूती विभागात, अकरा महिन्यांच्या करारावर आहे. तिसरी गावाजवळच्या दहा खाटांच्या खासगी प्रसूतिगृहात आहे. तिथले डॉक्टर म्हणतात, इथे तुम्हाला सगळेच शिकायला मिळेल. वडिलांना मी घराजवळ राहावे असे वाटते. मैत्रिणी सांगतात की प्रसूती कक्षात नुसती धावपळ आणि आरडाओरडा असतो, अतिदक्षतेचा अनुभव असला की नोकरी कुठेही मिळते. मला बाळे फार आवडतात, म्हणून माझा कल पहिल्या जागेकडे आहे. पण एकदा तिकडे गेले की बाळंतपणाचे काम कायमचे सुटेल, अशी भीतीही वाटते. कोणती जागा घ्यावी?

उत्तर : माझे मत आधी सांगते आणि कारणे मागाहून देते. तुम्ही दुसरी जागा घ्यावी, मात्र तिथे रात्रपाळीला तुमच्यासोबत बाळंतपणात मुरलेली एखादी ज्येष्ठ परिचारिका असते याची खात्री करून मगच घ्यावी. शक्य असल्यास पहिले काही महिने बाळंतीण कक्षात मागून घ्यावेत आणि त्यानंतर प्रसूती कक्षात जावे. नवजात अतिदक्षता विभाग दीड-दोन वर्षांनंतरही तुमची वाट पाहत असेल, आणि त्या वेळी तुम्ही तिथे आजच्यापेक्षा कितीतरी अधिक जाणत्या होऊन जाल.

बाळे आवडतात म्हणून अतिदक्षता विभागाकडे ओढ वाटणे स्वाभाविक आहे, पण तिथल्या कामाचे स्वरूप आधी डोळ्यांसमोर आणावे. जिल्हा पातळीवरच्या नवजात शिशू अतिदक्षता कक्षात, ज्याला आपण सगळे एसएनसीयू म्हणतो, १८०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाची, ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेली, श्वास न घेणारी, झटके येणारी किंवा जंतुसंसर्ग झालेली बाळे येतात. तिथे बाळाला कडेवर घेण्याचे प्रसंग थोडे आणि मोजण्याचे फार. नळीवाटे दोन-तीन मिलिलिटर दूध द्यायचे, सलाइनचा वेग पंपावर लावायचा, ऑक्सिजनचे प्रमाण पाहायचे, तासातासाला नोंद करायची, आणि प्रत्येक बाळाला हात लावण्याआधी व नंतर हात धुवायचे. ज्यांना अशा काटेकोर, शांत, एकाग्र कामात समाधान वाटते त्यांच्यासाठी तो विभाग उत्तमच आहे. परंतु आपला स्वभाव तसा आहे की नाही, हे केवळ विद्यार्थिदशेतील काही आठवड्यांच्या पोस्टिंगवरून समजत नाही.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. नवजात बाळाचे आजारपण बहुतेक वेळा आईच्या केस पेपरवर आधी उमटलेले असते. पाणी कधी गेले, ते हिरवट होते का, आईला ताप होता का, रक्तदाब किती होता, साखर वाढलेली होती का, कळा किती तास चालल्या, ही सगळी माहिती बाळासोबत एसएनसीयूमध्ये कागदावर येते. ज्या परिचारिकेने प्रसूती कक्षात उभे राहून हे सारे पाहिले आहे, तिला त्या चार ओळी वाचून पुढच्या काही तासांत काय होऊ शकेल याचा अंदाज येतो. जिने केवळ आजारी बाळेच पाहिली आहेत, तिला निरोगी बाळ कसे दिसते, कसे रडते, कसे चोखते हेच नीट ठाऊक नसते. बिघडलेले ओळखायचे तर नीट चाललेले शेकडो वेळा पाहिलेले असावे लागते.

म्हणूनच मी बाळंतीण कक्षाचा आग्रह धरते. या कक्षाला हलके काम समजण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे, आणि ती घातक आहे. प्रसूतीनंतरचे पहिले चोवीस तास आई आणि बाळ या दोघांसाठी सर्वांत जोखमीचे असतात. पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी आईची नाडी, रक्तदाब, रक्तस्राव आणि गर्भाशय पाहायचे असते. पोटावर हात ठेवल्यावर बेंबीच्या आसपास गर्भाशय घट्ट गोळ्यासारखे लागले तर ठीक. ते मऊ, पसरट लागले आणि पाच मिनिटांच्या आत एक पॅड पूर्ण भिजले, तर त्याच क्षणी एका हाताने गर्भाशय चोळत दुसऱ्या कुणाला तरी हाक मारायची असते. नंतर येऊन पाहू, असे इथे चालत नाही. हे पुस्तकात वाचलेले असतेच; पण किती मऊ म्हणजे मऊ, हे हातालाच शिकावे लागते, आणि हात अनेक बाळंतिणींवर फिरल्याशिवाय ते शिकत नाहीत.

बाळाचेही तसेच. थर्मामीटर जवळ नसला तरी हाताच्या मागच्या बाजूने बाळाचे पोट आणि तळपाय चाचपून पाहावे. दोन्ही उबदार असतील तर बाळ ठीक आहे. पोट उबदार पण पाय गार असतील तर बाळाला गारठा लागू लागला आहे आणि त्याला आईच्या उघड्या छातीशी लावून वरून पांघरूण घालायला हवे. पोट आणि पाय दोन्ही गार असतील तर प्रकरण गंभीर आहे. मराठवाड्यात मे महिन्यात बाहेर अंगाची लाही होत असताना बाळ गारठेल कसे, असे अनेकांना वाटते. पण नेमक्या त्याच दिवसांत प्रसूती कक्षातला कूलर टेबलाच्या दिशेने लावलेला असतो आणि ओले बाळ त्या वाऱ्यात दोन मिनिटे उघडे राहते. बाळंतपणाच्या खोलीचे तापमान किमान २५ अंश सेल्सिअस असावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा निर्देश आहे. प्रसूतीची वेळ जवळ आली की कूलर बंद करणे हे परिचारिकेचे काम आहे, आणि घामाघूम झालेल्या डॉक्टरांनी तक्रार केली तरी ते तिने करावे.

उन्हाळ्याचीच आणखी एक गोष्ट. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव टाळण्यासाठी बाळ जन्मल्यावर एका मिनिटाच्या आत आईला ऑक्सिटोसिनचे १० युनिटचे इंजेक्शन स्नायूत देतात. हे औषध २ ते ८ अंशांत ठेवावे लागते. उष्णतेने त्याची ताकद कमी होते आणि बाटलीकडे पाहून ते कळत नाही. वीज वारंवार जाणाऱ्या गावात फ्रिजमधले तापमान रोज पाहून लिहिणे, सकाळी ट्रेमध्ये काढून ठेवलेली अँप्यूल संध्याकाळपर्यंत तशीच पडू न देणे, ही कामे कुणी मुद्दाम शिकवत नाही. ज्या प्रसूती कक्षाच्या इन्चार्ज सिस्टर हे पाहतात, तो कक्ष शिकण्यासाठी चांगला आहे, असे समजायला हरकत नाही.

प्रसूती कक्षात तुम्हाला पार्टोग्राफ, म्हणजे प्रसूतीची प्रगती दाखवणारा तक्ता, भरायला शिकता येईल, आणि तो प्रसूती झाल्यावर आठवून भरायचा नसतो, तर कळा चालू असताना दर वेळी भरायचा असतो. आईला झटके आले तर मॅग्नेशियम सल्फेट कसे द्यायचे आणि पुढचा डोस देण्याआधी तिचा श्वास मिनिटाला किमान १६ आहे का, लघवी तासाला किमान ३० मिलिलिटर होते का, गुडघ्यावर हातोडी मारल्यावर पाय उडतो का, हे पाहून मगच सिरिंज कशी हातात घ्यायची, आणि उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी का ठेवायचे, हेही तिथेच अंगवळणी पडते. बाळ रडले नाही तर पहिल्या मिनिटाच्या आत अंबू बॅगने, म्हणजे हाताने दाबायच्या श्वासाच्या पिशवीने, श्वास द्यायला सुरुवात व्हावी लागते. बाळाला ऊब देणाऱ्या वॉर्मरजवळ बॅग आहे पण योग्य मापाचा मास्क नाही, हे त्या मिनिटात कळून उपयोग नसतो. म्हणून ड्युटीवर येताच मास्क स्वतःच्या तळहातावर दाबून, बॅग दाबून पाहण्याची सवय लावून घ्यावी.

आपल्या भागातील बाळंतपणे या दृष्टीने अवघडही आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीत देशातील गरोदर स्त्रियांपैकी ५२.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या होत्या. अंगात आधीच रक्त कमी असलेल्या बाईचे ५०० मिलिलिटर रक्त जाणे आणि धडधाकट बाईचे तेवढेच रक्त जाणे यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि हिमोग्लोबिन सातच्या खाली असेल तर त्याहून कमी रक्तस्रावही जिवावर बेततो. कोवळ्या वयात लग्न झालेल्या मुली पहिल्या खेपेला येतात आणि त्यांच्यात रक्तदाबाचे प्रमाण अधिक असते. बीड आणि आसपासच्या तालुक्यांतील ऊसतोड कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे जातात व हंगाम संपल्यावर परततात; मधल्या महिन्यांत फडावर असलेल्या गरोदर बाईच्या तपासण्या चुकतात आणि ती थेट कळा घेऊनच दारात येते. पहिले बाळंतपण माहेरी करण्याच्या रीतीमुळे अनेकींची आधीची तपासणी पुण्यात किंवा संभाजीनगरात झालेली असते आणि कागद सासरी राहिलेले असतात. अशा वेळी पाच मिनिटांत नेमके प्रश्न विचारून माहिती काढणे हे कौशल्य आहे, आणि ते खासगी बालरुग्णालयाच्या काचेआड मिळणार नाही.

आता मी घातलेल्या अटीविषयी. मुलाखतीला जाल तेव्हा पगाराखेरीज काही गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. रात्री प्रसूती कक्षात किती परिचारिका असतात आणि त्यांच्यात अनुभवी कोण? नव्या परिचारिकेला एकटीने ड्युटी किती आठवड्यांनंतर देतात? रात्री दोन वाजता सिझरची वेळ आली तर भूलतज्ज्ञ किती वेळात येतात? रक्त जागेवर मिळते का? पुढे पाठवायचे ठरले तर कुठे, नांदेडला की संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, आणि गाडीत परिचारिका सोबत जाते का? शक्य असेल तर इन्चार्ज सिस्टरची परवानगी घेऊन एक हँडओव्हर उभे राहून ऐकावे. जिथे जाणारी परिचारिका येणारीला खाटेपाशी नेऊन, बाळंतिणीचे पांघरूण बाजूला करून, पोट व पॅड दाखवून ताबा देते, तिथे जावे. जिथे टेबलापाशी बसून ‘सगळं ओके आहे’ एवढ्यावर वही पुढे सरकते, तिथे पहिले वर्ष काढू नये. आठवडाभरातच तुम्हाला एकटीला रात्रीच्या प्रसूती कक्षात उभे करणार असतील, तर जागा सरकारी असली तरी नम्रपणे नकार द्यावा. त्या परिस्थितीत संभाजीनगरची जागाच अधिक बरी, कारण तिथे निदान तज्ज्ञ डॉक्टर रात्रभर जागेवर असण्याची शक्यता असते.

दहा खाटांच्या प्रसूतिगृहाविषयी मी सावध आहे. अशा ठिकाणीही चांगले डॉक्टर असतात आणि अडल्यानडल्या बायांना त्यांचाच आधार असतो, हे मी मनापासून मानते. तरीही तिथे एकच परिचारिका ओपीडीत नावे लिहिते, सिझरला उभी राहते, बाळाला पाहते आणि औषधांचा हिशेबही ठेवते. सगळे शिकायला मिळते याचा अर्थ सगळे करायला लागते, असा निघण्याचा धोका असतो. तुमच्याहून अधिक जाणणारी दुसरी नोंदणीकृत परिचारिका तिथे नसेल, तर तुम्ही काय चुकीचे करता आहात हे सांगणारे कोणी नसते. अनुभवी झाल्यावर तिथे जावे, म्हणजे त्या रुग्णालयाचेही भले होईल. कुठल्याही खासगी ठिकाणी रुजू होताना मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेण्याची अट मान्य करू नये. साक्षांकित प्रती द्याव्यात आणि करारपत्रातील मुदत, नोटीस व भरपाई वाचूनच सही करावी.

मैत्रिणी ज्या आरडाओरड्याविषयी सांगतात, त्यावर मला थोडे थांबावेसे वाटते. कळा देणारी बाई ओरडते हे साहजिक आहे. तिच्यावर ओरडणे हे साहजिक नाही. काही ठिकाणी नव्या मुलींना ते कामाचाच भाग म्हणून शिकवले जाते: जरब बसवली नाही तर बाई ऐकत नाही, असे सांगितले जाते. हे खोटे आहे. केंद्र सरकारने २०१७ मध्ये सुरू केलेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात प्रसूती कक्षातील सन्मानपूर्वक वागणूक, आडोसा आणि सोबतीला एक ओळखीची बाई असण्याची सोय ही गुणवत्तेच्या निकषांत धरली आहे. आई किंवा जाऊ डोक्याशी उभी असेल, पाठीवर हात फिरवत असेल, तर बाई अधिक धीराने कळा देते, हे कुणीही पाहू शकतो. नव्या परिचारिकेला वरिष्ठांशी वाद घालता येत नाही, हे मला समजते. पण आपल्या स्वतःच्या तोंडून बाईला ‘अगं’ऐवजी ‘ताई’ निघावे, तपासणीआधी तिला सांगून हात लावावा आणि मुलगी झाली हे सांगताना आवाज तोच राहावा जो मुलगा झाल्यावर राहतो, एवढे पहिल्या दिवसापासून तुमच्या हातात आहे. आपल्या भागात त्या एका वाक्यानंतर दाराबाहेर जी शांतता पसरते, ती आईने तुमच्या चेहऱ्यावर आधी वाचता कामा नये.

बाळंतीण कक्षात तुमची गाठ आज्यांशी पडेल. कुणी मध चाटवायला आणलेला असेल, कुणी गुळाचे पाणी, कुणी घुटी. त्यांच्यावर नियम फेकू नयेत. ‘आजी, आधी आईचा चीक जाऊ द्या, तेच त्याचं पहिलं औषध आहे,’ असे म्हणत पहिल्या तासातच बाळाला छातीशी लावून द्यावे आणि बाळ चोखू लागले की आजींनाच ते दाखवावे. पुढच्या खाटेवरच्या बाईला मग त्याच समजावतात.

राहिला कराराचा आणि पुढच्या वाटेचा प्रश्न. अकरा महिन्यांचा करार असुरक्षित आहे, यात शंका नाही. पण त्या काळात कुशल प्रसूतिसेवेचे एकवीस दिवसांचे प्रशिक्षण आणि प्रसूतीच्या वेळच्या सेवेचे ‘दक्षता’ प्रशिक्षण मिळण्याची संधी सरकारी सेवेत अधिक असते, ती लेखी अर्ज करून मागावी. प्रसूती कक्षात शिकलेल्या परिचारिकांना वारंवार दुसरीकडे फिरवू नये, असे ‘लक्ष्य’च्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात, तुम्हाला काही महिन्यांतच मेडिकल वॉर्डात हलवले तर त्याचा सभ्य भाषेत दाखला द्यावा. पुढे बाळंतपणातच मन रमले तर अठरा महिन्यांचा नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी हा अभ्यासक्रम आहे. बाळांकडे वळायचे ठरले तर नवजात परिचर्येचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आहे. त्यामुळे कोणतीही वाट बंद होत नाही. प्रसूती कक्षातून एसएनसीयूमध्ये गेलेल्या परिचारिका मी पुष्कळ पाहिल्या आहेत आणि त्यांना तिथे आदरच मिळतो. उलट दिशेने जाणाऱ्या मात्र मोजक्याच, कारण यंत्रांच्या शिस्तीत काही वर्षे काढल्यावर प्रसूती कक्षातल्या अनिश्चिततेला सामोरे जायला मन कचरते. तुमची भीती त्या अर्थाने खरी आहे.

वडिलांना तुमच्या निर्णयाचे कारण घराचे अंतर नाही, हे सांगावे. जागा योगायोगाने घराजवळ आहे, एवढेच. उद्या शिक्षणासाठी किंवा एसएनसीयूसाठी बाहेर जावे लागले, तर त्यांनी तेव्हा अडवू नये.

प्रश्न : मी लातूर जिल्ह्यातील परिचारक आहे. मला नवजात बाळांच्या सेवेत काम करायचे आहे, पण पुरुषाला या विभागात कोण घेणार, असे सगळेच म्हणतात. माझी इच्छा अवास्तव आहे का?

उत्तर : अवास्तव मुळीच नाही. प्रसूती कक्ष आणि बाळंतीण कक्ष यांत पुरुष परिचारकाला नेमणूक मिळणे आपल्याकडे अवघड आहे, आणि तिथल्या स्त्रियांचा संकोच लक्षात घेता त्याबद्दल तक्रारही करता येणार नाही. नवजात अतिदक्षता विभागाचे तसे नाही. तिथे ब्रदर काम करतात. शिवाय सिझरच्या वेळी बाळ हातात घेणे, आजारी बाळाला रुग्णवाहिकेतून दुसऱ्या शहरात नेताना त्याचा श्वास व ऊब सांभाळणे, ही कामे पुरुषांनी उत्तम केलेली मी पाहिली आहेत. पहिल्या पत्राच्या उत्तरात मी आधी मातेकडे जा असे म्हटले आहे; तुम्हाला तो मार्ग मोकळा नसेल, तर सिझर होणाऱ्या शस्त्रक्रियागृहात काही काळ काम मागावे, म्हणजे जन्माचा क्षण आणि पहिली काही मिनिटे तरी तुमच्या नजरेखालून जातील.

एका गोष्टीची मात्र काळजी घ्यावी लागेल. एसएनसीयूमध्ये माता दूध पाजायला किंवा काढून द्यायला येतात. त्या खोलीच्या पडद्यापाशी आवाज दिल्याशिवाय जाऊ नये आणि दूध काढायला शिकवण्याचे काम स्त्री सहकाऱ्याकडे सोपवावे. याउलट एक काम असे आहे जे तुम्ही परिचारिकांहून चांगले करू शकाल. कांगारू पद्धतीत कमी वजनाचे बाळ उघड्या छातीशी धरून ठेवतात, आणि आई सिझरनंतर झोपून असेल तर ते बापालाही करता येते. आपल्याकडचे बाप लाजतात, सदरा काढायला तयार होत नाहीत, बाळ हातात घ्यायलाच घाबरतात. त्यांना बाजूला घेऊन, खुर्चीत मागे रेलून बसवून, बाळाचे डोके एका कुशीला वळवून मान किंचित वर कशी ठेवायची हे पुरुषानेच दाखवले तर ते पटकन ऐकतात. मुलाखतीत हे आवर्जून सांगा.

प्रश्न : नांदेडमधील एका रुग्णालयाच्या एसएनसीयूमध्ये मी काही महिन्यांपूर्वी रुजू झाले. गेल्या महिन्यात माझ्या ड्युटीत एक बाळ दगावले. तेव्हापासून मॉनिटरचा आवाज घरीसुद्धा कानात वाजतो. मला प्रसूती विभागात बदली मागावीशी वाटते. पण इतक्या लवकर विभाग सोडणे हा पळपुटेपणा ठरेल का?

उत्तर : नाही, ठरणार नाही. पण बदलीचा अर्ज लिहिण्याआधी एक गोष्ट तपासून पाहावी, की त्रास विभागाच्या स्वरूपाचा आहे की तिथल्या व्यवस्थेचा. अशा कक्षात एका परिचारिकेकडे साधारण तीन ते चार बाळे असावीत. तुमच्याकडे सात-आठ बाळे असतील आणि सारे अलार्म एकाच वेळी वाजत असतील, तर कुणाच्याही कानात ते वाजत राहतील. तिथे दोष तुमच्या मनाचा नाही. एसएनसीयूच्या परिचारिकांसाठी चार दिवसांचे प्रशिक्षण आणि त्यानंतर दोन आठवडे मोठ्या केंद्रात राहून निरीक्षण, अशी सोय आहे. ते तुम्हाला मिळाले नसेल तर आधी ते मागावे. कोणता अलार्म ताबडतोब उठून जाण्याचा आणि कोणता फक्त बाळाच्या अंगावरून निघालेल्या प्रोबचा, म्हणजे वायरच्या टोकाचा, हे ओळखता येऊ लागले की भीतीचा मोठा भाग ओसरतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ऑक्सिजन चालू असताना मॉनिटरवरचा रक्तातील ऑक्सिजनचा आकडा ९० ते ९५ च्या दरम्यान हवा. तो ९५ च्या वर गेला की अलार्म वाजला पाहिजे, कारण जास्त ऑक्सिजनने डोळ्यांच्या पडद्याला इजा होऊ शकते. नव्या मुली शंभर आकडा पाहून निश्चिंत होतात आणि नव्वद-ब्याण्णव आकडा पाहून घाबरतात. हे कुणीतरी शेजारी बसून सांगायला हवे होते.

दगावलेल्या बाळाविषयी इन्चार्ज सिस्टर आणि बालरोगतज्ज्ञ यांच्याशी एकदा केस पेपर समोर ठेवून बोला. काय घडले, कधी घडले, तुमच्या हातात काय होते आणि काय नव्हते, हे त्यांच्या तोंडून ऐकणे तुमचा हक्क आहे. फार कमी दिवसांची काही बाळे सगळे नीट करूनही जातात. हे मनाला पटायला वेळ लागतो, आणि तो वेळ एकटीने काढू नये. सोबत काम करणाऱ्या एखाद्या जुन्या परिचारिकेला धरून राहावे. झोप उडालेलीच राहिली, जेवण जाईना, तर रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायला संकोच करू नये.

बदलीआधी एक मधला मार्ग सुचवते. तुमच्या कक्षाला जोडून कांगारू कक्ष असेल तर दोन-तीन महिने तिथे ड्युटी मागा. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात, ज्यात भारतातील केंद्रही होते, १ ते १.८ किलो वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच कांगारू पद्धतीने आईजवळ ठेवल्याने पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू सुमारे चतुर्थांशाने कमी झाल्याचे दिसले. त्यामुळे हा कक्ष म्हणजे आराम करण्याची जागा नाही. तिथेही वजन, तापमान, श्वास, दूध यांची तितकीच बारीक नोंद करावी लागते. फरक एवढाच की तिथे बाळ आईसोबत असते, ते रोज थोडे थोडे वाढताना दिसते, आणि तुम्हाला मातांशी बोलायला मिळते. प्रसूती विभागाची ओढ खरोखर मातांच्या ओढीतून आली असेल, तर ते तिथेच कळून येईल आणि मग बदलीचा अर्ज निःशंक मनाने द्या. पुढच्या महिन्याचा ड्युटी तक्ता बहुतेक ठिकाणी पंचवीस तारखेच्या सुमारास लागतो. त्याआधी इन्चार्ज सिस्टरांना भेटा आणि विनंती लेखी द्या.